दहा वर्षांचा पुरावा एका दिवसात

“दसऱ्याला राज्यातले सगळे जुने टॅब्लेट तळ्यात बुडवा!” रणधीरराजांनी फर्मान काढलं. का? तर म्हणे, झुंबरशेठ सौदागरानं दहाव्या पिढीचा टॅब्लेट आणला होता. पापडासारखा पातळ! दर वर्षी हेच. शेठ नवी पिढी आणणार, महाराज हुरळून जाणार आणि कालपर्यंत मिरवलेला टॅब्लेट आज कचरा ठरणार. राजे कसले, हौसेचे गुलाम नुसते!

दवंडी ऐकून राजवाड्यातल्या माळ्याची लेक येसू हातातलं खुरपं टाकून उठली. तिच्या आईचा आवाज दुखण्यात गेला होता. महाराजांनी टाकलेला पहिल्या पिढीचा टॅब्लेट माऊलीनं उचलून आणला होता. ती त्यावर अक्षरं टिपायची आणि टॅब्लेट ती मोठ्यानं बोलून दाखवायचा. तोच बुडाला तर आई पुन्हा मुकी! येसू तडक दरबारात गेली.

“महाराज, आमचा टॅब्लेट ठणठणीत आहे. तो कशाला बुडवायचा?”

झुंबरशेठ फिसकन हसला. “ते डबडं? अगं, याचा वेग बघ, पडदा बघ! नवे खेळ तरी चालतात का तुझ्या त्या ठोकळ्यावर?”

“माझ्या आईला बोलायचंय शेठजी, खेळायचं नाही! आणि आमचा ठोकळा स्क्रू काढले की उघडतो, बॅटरी बदलता येते. तुमचा सगळीकडून चिकटवलेला. बॅटरी मेली की हाही मेला!”

“काहीतरीच! हा दहा वर्षं हलायचा नाही!”

“शेठ म्हणतात म्हणजे खरंच असणार,” महाराज गुरगुरले. “पोरी, फार जीभ चालते तुझी! मग सिद्ध कर, दहा वर्षं कोण टिकतो, पहिला की दहावा. उद्या दुपारपर्यंत!”

“दहा वर्षांचा पुरावा एका दिवसात?”

“नाही जमलं तर सगळ्यात आधी तुझ्या आईचाच बुडवतो!”

दरबार खिदळला. हसायला काय जातंय त्यांचं! येसूच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तेवढ्यात तिचं लक्ष शेठकडे गेलं. कुणी नव्या टॅब्लेटचा भाव विचारला की गडी सगळ्यांकडे पाठ फिरवायचा, अंगरख्यातून काहीतरी काढायचा, त्यावर बोट फिरवायचा आणि मग आकडा सांगायचा. येसू गालात हसली.

“चालेल महाराज! उद्या खंडेनवमी आहे. पूजा दरबारातच मांडा. ज्यानं त्यानं आपलं रोजचं हत्यार पूजेला ठेवायचं. शेठजींनीसुद्धा!”

दुसऱ्या दिवशी शिपायांनी तलवारी मांडल्या, आचाऱ्यांनी झारे, शिंप्यांनी कात्र्या आणि येसूच्या आईनं आपला बोलका टॅब्लेट. झुंबरशेठनं ऐटीत दहाव्या पिढीचा टॅब्लेट पाटावर ठेवला.

“अहो शेठजी, हा तर विकायचा माल!” येसू म्हणाली. “पूजा रोजच्या हत्याराची असते. ज्याच्या जिवावर धंदा चालतो, त्यालाच आज हळदकुंकू नाही लागलं तर वर्षभर बरकत कशी राहायची?”

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. राजाला गंडवायला तो कधीच कचरला नव्हता, पण धंद्याच्या बरकतीशी खेळायची छाती कुठून आणणार! नाइलाजानं त्यानं अंगरख्यात हात घातला आणि एक जाडजूड टॅब्लेट बाहेर काढला. कडा झिजलेल्या, स्क्रू उघडून उघडून चकचकीत झालेले. पहिल्या पिढीचा!

“शेठ! हा कुणाचा?” महाराज कडाडले.

“म... माझाच, महाराज.”

“कधीपासून वापरताय?”

“झाली... दहा वर्षं.”

“ऐकलंत महाराज?” येसू म्हणाली. “आपल्याला दहा वर्षं थांबायलाच नको. शेठजींनी ती आपल्यासाठी आधीच काढून ठेवलीत!”

महाराजांचा चेहरा आधी लाल झाला. मग मिशा थरथरल्या आणि ते पोट धरधरून हसत सुटले. “लबाडा! मला दर वर्षी नवा आणि स्वतःला पहिलाच होय? फर्मान रद्द! आणि राज्यातले सगळे जुने टॅब्लेट आता तूच दुरुस्त करायचे, तेही फुकट! बोल येसू, तुला काय देऊ?”

येसू बोलायच्या आतच तिच्या आईची बोटं भराभर चालली आणि टॅब्लेट भर दरबारात खणखणला, “एक नवी बॅटरी द्या महाराज! अजून दहा वर्षं बोलायचंय मला!”

हसता हसताच महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या हातात घातलं आणि शेठला तिथल्या तिथं बॅटरी बसवायला लावली.