पत्र्यावरचा फोटो आणि गंधाचे बोट

विक्रेत्याची फुशारकी त्याच्याच मालावर पारखणारे गिऱ्हाईक कुंभाराच्या नि रंगाऱ्याच्या कथांतही भेटते. मिरजेतल्या रूपात विक्रेता धातूच्या पत्र्यावर फोटो छापतो.

आक्काताई मगदूम दिवंगत यजमानांच्या फोटोला रोज गंध लावीत, ओल्या फडक्याने पुशीत. त्यात कागदी फोटो विटला. आता शेवटची प्रत हाती होती.

ती घेऊन त्या पत्र्यावर फोटो छापणाऱ्या रतनशेठच्या दुकानात गेल्या. रतनशेठ म्हणाले, "आमचा पत्रा शंभर वर्षं पुसा, आक्का. इतरांचा माल कचरा."

दुकानाच्या भिंतीवर शेठच्या वडिलांचा तशाच पत्र्यावर छापलेला फोटो होता. आक्कांनी पिशवीतून गंधाची डबी काढली आणि त्या फोटोकडे गंधाचे बोट पुढे केले.

"अहो, थांबा, रंग जाईल."

"तुमच्या वडिलांना जे सोसत नाही, ते माझ्या यजमानांना कसं सोसेल, शेठ?"

आक्का फोटो घेऊन समोरच्या दुकानात गेल्या, तेव्हा तिथल्या दुकानदाराने नमुन्याचा छापील पत्रा आणि ओले फडके आधी पुसून बघायला त्यांच्यापुढे ठेवले.