सतरावी तार

चार मोबाइल-पिढ्यांपूर्वीची गोष्ट. हेमांगीच्या दुरुस्तीच्या दुकानात, काचेच्या कपाटात, तळहाताएवढा एक म्हातारा संगणक राहत असे. शेजारी एक पेजर होता. म्हातारा जे म्हणेल त्याला मान डोलवणं, एवढंच त्याचं काम.

एकदा हेमांगीने ठरवलं, म्हाताऱ्यात लिनक्सचा नवा कर्नेल घालून बघू. पडदा उजळला तर ठेवू, नाहीतर भंगारात. तिने कर्नेल भरलेलं कार्ड खोचलं. यंत्राला उठवून कामाला लावणारा तो कर्नेल आत शिरला आणि अदबीने म्हणाला, "आजोबा, बाकी सगळं जागं केलंय. फक्त तुमचा पडदा कोणत्या तारेवर आहे, तेवढं सांगा. कुठेच लिहून ठेवलेलं नाही."

"आम्हाला कोणी सांगितलं होतं? शोध की स्वतः!"

"चुकीच्या तारेत वीज सोडली तर तुम्हीच जळाल, आजोबा."

"ऐकलंस का रे, पेजर? कालचं पोर मला धमकावतंय!"

"हल्लीच्यांना धीरच नाही," पेजर म्हणाला. त्याला स्वतःला वीस वर्षांत एकही निरोप आला नव्हता.

हेमांगीने चहा संपेपर्यंत वाट पाहिली. पडदा काळाच. तिने कार्ड काढून त्याच जातीच्या, झाकण तुटलेल्या एका म्हातारीत घातलं आणि म्हाताऱ्याला पोत्यात टाकलं.

"सतरावी तार, बाळा," म्हातारी विचारण्याआधीच म्हणाली. "जपून हं, जरा सैल आहे."

पडदा लख्ख उजळला.

भंगाराच्या पोत्यातून आवाज आला, "ह्याला पडदा म्हणतात? आमच्या वेळी..."

हेमांगीने पोत्याचं तोंड बांधलं.