रुईफुली काठाचं झबलं

कडेगव्हाणच्या नदीकाठी, महादेवाच्या देवळाच्या ओवरीत सोनगिरी महाराज राहत असत. अंगावर एक विटकी छाटी, उशाला दगड. महाराज फार बोलत नसत. लोक दुःख घेऊन येत, तेव्हा ते नुसते ऐकत आणि कधीकधी त्यांच्याही डोळ्यांत पाणी येई. त्यांची ही कथा ज्या बाईमुळे घडली, तिला गावाने फार छळलं, हे मी आधीच सांगून टाकतो.

सरजा तिचं नाव. नवरा मुकुंदा शिंपी अंबादासशेटच्या कापडदुकानाच्या ओट्यावर मशीन चालवी. पावसाळ्यात तापाने गेला. मशीन शेटचं, ते ओट्यावरच राहिलं. सरजाच्या पदरी उरली एक सुई, सात वर्षांची यमी आणि अंगावर पिणारा रघू. शेट म्हणाला, "आमच्याकडे भांडी घासायला ये." सरजा म्हणाली, "शेट, शिंप्याची बायको आहे मी. शिवूनच पोरं वाढवीन." एवढंच बोलली बिचारी, पण शेटच्या मनाला ते फार लागलं.

दीर गणोबा तेराव्याला जाताना सांगून गेला, "वहिनी, दसऱ्यापर्यंत बघतो. नाही जमलं तर यमीला घेऊन जाईन. माझ्या साडूकडे धुण्याभांड्याला पोरगी हवीच आहे." तेव्हापासून यमी रात्रंदिवस आईचा पदर सोडेना.

बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालायचं नाही, ही आपल्याकडची रीत. घरातल्या थोरल्या बाईचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडायचं आणि त्याचं पहिलं झबलं शिवायचं. त्याला जुनेर म्हणतात. सरजाने त्यावरच धंदा मांडला. भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीला ती गोधड्या शिवून देई आणि बदल्यात मऊ लुगडी घेई. ती उकळून, उन्हात वाळवून त्यांची झबली नि कुंच्या करी. शिवण मात्र बाहेरच्या अंगाला ठेवी, म्हणजे बाळाच्या कोवळ्या अंगाला दोरा टोचू नये.

मंगळवारच्या बाजारात तिने गोणपाट अंथरलं. अंबादासशेट मुद्दाम थांबला. एक झबलं चिमटीत धरून सगळ्यांना दाखवत म्हणाला, "अरे बघा बघा! शिंपीण म्हणवते आणि उलट-सुलट कळत नाही! आमच्या घरात जुनी चिंधीसुद्धा सापडायची नाही, आणि ही चिंध्या विकते!" लोक हसले. सरजाने मान खाली घातली.

त्याच दिवशी महाराज तिच्यापाशी येऊन बसले. ढिगातून त्यांनी एक जांभळं, रुईफुली काठाचं झबलं उचललं आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवलं.

"सरजे, हे विकू नकोस."

"का हो महाराज?"

"ज्याचं आहे, त्याला लागणार आहे."

तिने ते बोचक्याच्या तळाशी ठेवलं.

हळूहळू बायका घेऊ लागल्या. दोन वेळची भाकरी निघू लागली. हेच शेटला बघवेना. त्याने बाजारात उठवून दिलं, की सरजाकडची लुगडी मसणातली आहेत, मढ्याच्या अंगावरून उतरवलेली. शिव शिव! तान्ह्या बाळाच्या कपड्याबद्दल असं ऐकल्यावर कोण फिरकणार? घेतलेली झबलीसुद्धा एकदोघींनी परत आणून तिच्या अंगावर टाकली. पुढचे दोन बाजार सरजा दिवसभर बसून रित्या हाताने घरी गेली. चिंतेने तिचं दूध आटलं, रघू रडून रडून झोपू लागला.

तिसऱ्या मंगळवारी दसरा दोन दिवसांवर आला होता. परगावची एक बाई आली. तिला गावातली कुजबूज ठाऊक नव्हती. सगळं उलथंपालथं करून तिने नेमकं ते जांभळंच काढलं. सरजा म्हणाली, "ते नाही देता यायचं." बाई चिडून निघून गेली.

"आई, देऊन टाकायचं ना गं," यमी म्हणाली, "मला नाही जायचं काकाबरोबर."

सरजाने लेकीला जवळ ओढलं आणि ती भर बाजारात रडली. म्हणाली, "महाराज, तुमचा शब्द पाळते आहे, पण माझी पोर जाते आहे हो!"

मान वर केली तर महाराज समोर उभे. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बाळे, तुझ्याइतकाच मीही वाट पाहत होतो. ऊठ. ज्याचं त्याला देऊन येऊ."

आणि ते चालू लागले ते थेट अंबादासशेटच्या घराकडे!

शेटची लेक कमळा आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगा एवढासा, थंडगार, दूध ओढेना. भागूबाई सुईण ओरडत होती, "अहो, जुनेर द्या कुणी! हे खळीचं कापड सोलून काढतंय पोराला!" पण घरात जुनं काही नव्हतंच. शेजारणींनी आपली लुगडी आणली, बाळाला गुंडाळलं, तरी ऊब येईना. शेट उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. सरजाला पाहून उसळला, "मढ्याची वस्त्रं घेऊन माझ्या दारात आलीस?"

"शेट," महाराज म्हणाले, "एकदा हातात घेऊन तर पाहा."

शेटने झबलं हिसकावलं. काठ पाहिला. बाहीपाशी हिरव्या दोऱ्याचं बारीक रफू होतं, तिथे त्याचं बोट थांबलं.

दिवाळीचं तळताना ठिणगी उडून ते भोक पडलं होतं. त्याच्या बायकोने, मथुराबाईने, ते स्वतः रफू केलं होतं. 'कापडवाल्याची बायको ठिगळाचं नेसते,' म्हणून तो तेव्हा हसला होता. ती जाऊन तीन वर्षं झाली. तिची सगळी लुगडी त्याने यंदाच एकगठ्ठा बोहारणीला दिली आणि पितळेचं घंगाळ घेतलं. बाळासाठी ऊन पाणी काढलेलं ते घंगाळ दारातच होतं.

"हे माझ्या मथुरेचं," शेट पुटपुटला. "आणि मी ह्याला मढ्याचं म्हणालो."

भागूबाईने झबलं घेतलं आणि चमकून म्हणाली, "अगंबाई, हे ऊन आहे! आत्ताच कुणी अंगावरून उतरवल्यासारखं!" तिने शिवणीवरून बोट फिरवलं. "शिवण बाहेरून. शिवणारणीला बाळ कळतं हो."

आजीचं लुगडं नातवाच्या अंगावर चढलं. घटकाभराने आतून बारीक रडणं ऐकू आलं, मग ते थांबलं आणि सुईण म्हणाली, "पितोय!" शेट भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. शेट महाराजांच्या पायांकडे वाकला, तेव्हा महाराजांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "माझ्या नाही. जिथे बोललास, तिथे जा."

पुढच्या मंगळवारी गणोबा बैलगाडी घेऊन बाजारात आला. यमीचं गाठोडं गाडीत चढलं. सरजाचं गोणपाट भरलेलं आणि समोर चिटपाखरू नाही. इतक्यात अंबादासशेट आला. पागोटं काढून काखेत घेतलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी खोटं बोललो! हिची वस्त्रं निर्मळ आहेत. माझा नातू त्यातच जगला." मग त्याने गोणपाटावर कपाळ टेकलं.

"शेट, उठा हो," सरजा अवघडून म्हणाली.

बायका एकेक करून जवळ आल्या. गणोबाने थोडा वेळ पाहिलं आणि गाठोडं खाली उतरवून दिलं. यमीने ते दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

शेट अजून उठला नव्हता. त्याने हळूच विचारलं, "बाई, त्या लुगड्याचं बाकीचं काय झालं?"

"आणखी सहा झबली झाली, शेट. सहा घरी गेली. दोन परत आली माझ्याकडे, तुमच्या बोलण्यापायी."

तिने बोचक्यातून ती दोन काढून त्याच्यापुढे ठेवली. अंबादासशेटने ती डोळ्यांना लावली आणि पुन्हा वाकून तिच्यापुढे डोकं ठेवलं.