एका घरात दोघे

"बाबा, दादा शेवटी एकटा होता का?"

हेच मी पोलिसांना विचारलं होतं, दवाखान्यात विचारलं होतं, आईलाही. घाटात टेम्पो दरीत गेला, उजाडल्यावर सापडला, एवढंच सगळे सांगत.

दर्ग्याचे म्हातारे गनीबाबा ओट्यावर करवंटीची एक चकती दगडावर घासत बसले होते.

"डाव मांड," ते म्हणाले.

दादा आणि ते दर शुक्रवारी इथे लढाई खेळत. ओट्यावर कोळशाने आखलेली घरं, समोरासमोर दोन फौजा. नियम दादानेच बसवलेले. त्याची फौज पांगाऱ्याच्या लाकडाची. आम्ही चितारी, खेळणी करणं हेच आमचं काम. प्रत्येक शिपायाला मिशा, पागोटं, कमरेला शेला. लाल पागोट्याच्या सरदाराला दादाने स्वतःचा चेहरा दिला होता. निशाणवाल्याला माझा.

बाबांची फौज म्हणजे करवंटीच्या चकत्या. एक रेघ ओढली की पायदळ, फुली मारली की घोडा.

"ही फौज की सदऱ्याची बटणं?" मी म्हणालो. "आज दादाच्या फौजेने तुम्हाला धुतो की नाही बघा."

"धू बाबा. फार दिवस मळलोय."

मी चांगला खेळतो. त्यांची डावी बाजू कापून काढली. बाबा नुसते दाढी खाजवत होते. मग त्यांचा एक घोडा मधूनच घुसला आणि लाल पागोटं पडलं.

या खेळात घाव लागलेला लगेच मरत नाही. पडला त्या घरात आडवा राहतो, दुसरा घाव बसला की ओट्याखाली जातो. सोबत्याने त्याच घरात जाऊन त्याला उचललं आणि आपल्या शेवटच्या ओळीपर्यंत नेलं, तर तो वाचतो.

मी निशाणवाला नेला. त्या घरात ठेवला...

मावेना. आडव्या सरदाराने सगळं घर अडवलं होतं. तिरका ठेवला, कलंडला. दाबून बसवला, तर निशाणाची काठी मोडली.

"शेजारच्या घरात ठेवतो."

"शेजारी म्हणजे सोबत नव्हे."

"मग दादा कसा न्यायचा?"

"त्याने कधी कोणाला नेलं नाही. त्याचे मावतच नसत."

"आणि तुम्ही?"

बाबांनी एका चकतीवर दुसरी ठेवली आणि एका बोटाने दोन्ही सरकवत नेल्या.

"हे दादाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. हसला. म्हणाला, बाबा, तोंडच नसलेल्याला कोण उचलून नेईल?"

"बरोबरच बोलला!"

बाबांनी दोन्ही बाहुल्या उचलून माझ्या मांडीवर ठेवल्या. सरदाराच्या जागी नुकती घासलेली चकती ठेवली. कोरी. तशीच दुसरी माझ्या हातात दिली.

"हा दादा नाही," मी ओरडलो.

"मांडीवर आहे तो?"

...

मांडीवरचा दादा हसत होता. दवाखान्यात चादर बाजूला केली, तेव्हा तो असा दिसत नव्हता.

मी हातातली चकती त्या घरात ठेवली. दादाची चकती उचलून तिच्यावर ठेवली. एक घर मागे आलो.

बाबांच्या घोड्यांनी दया केली नाही. माझा एकेक शिपाई ओट्याखाली जाऊ लागला.

"फौज मरतेय तुझी, जयवंता."

"मरू दे."

मी वर पाहिलं नाही. एकेक घर सरकत राहिलो. बोट काळं झालं. शेवटच्या ओळीत पोचलो, तेव्हा ओट्यावर माझं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

बाबा ओणवे झाले. एकावर एक बसलेल्या त्या दोन चकत्यांकडे पाहू लागले.

"वरून एकटाच दिसतो," ते म्हणाले.