उसना उपास

कोण जाणे किती वर्षं झाली, खाडीकाठच्या एका गावात दोन बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, भाऊ तेलाचे घाणे चालवत. थोरला हसाजी, धाकटा एलोजी. शनिवार देवाचा, त्या दिवशी घाणा बंद; म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. एका बैलावरून दोघांचं बिनसलं आणि सात वर्षं बोलणं बंद झालं. बैल कधीच मेला, भांडण मात्र धडधाकट!

मग आई तापाने अंथरुणाला खिळली. तिने अन्न टाकलं. एलोजी नवस बोलला, "आईसाठी तीन उपास करीन." त्यांच्यात असा उपास आदल्या दुपारच्या प्रार्थनेतच कबूल करायचा असतो, आणि त्याचा गाजावाजा करायचा नसतो. एलोजी हळूच पुटपुटला, "देवा, उद्या माझा उपास."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हसाजी दारात उभा! हातात घावनांचं ताट.

"आईदेखत माझ्याबरोबर जेव. जेवलास तर भांडण मिटलं. नाही म्हणालास, तर या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही."

खावं तर आईसाठीचा नवस मोडतो. उपास आहे म्हणावं तर दादाला ती सबब वाटणार. आत आईच्या उशाशी त्यांच्या समाजाचे धर्मगुरू, म्हातारे काजी, प्रार्थना म्हणत बसले होते. एलोजीने त्यांच्या कानात सगळं सांगितलं.

काजींनी एकच विचारलं, "नवस बोलताना दिवस नेमले होतेस?"

"नाही. तीन उपास, एवढंच."

"मग आजचा उसना घे, बाबा. पुढे फेड. शास्त्रच तशी मुभा देतं. उपासाला दुसरा दिवस मिळेल. रुसून गेलेला भाऊ कुठून आणशील?"

केवढं मोठं मन त्या म्हाताऱ्याचं, आणि त्या शास्त्राचंही! एलोजी ताटावर बसला. दोघांना जेवताना पाहून आईने हात पुढे केला.

"मलाही एक तुकडा द्या रे."

पुढच्या आठवड्यात दुपारच्या प्रार्थनेत एलोजी पुन्हा पुटपुटला, "उद्या माझा उपास." शेजारी हसाजीही तेच पुटपुटत होता. आई तापात असली तरी तिचे कान शाबूत होते. एलोजी काजींच्या कानात बोलला ते तिनेच हसाजीला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनी मिळून मागितलं, "देवा, आज उपासाने आमच्या अंगचं जेवढं रक्तमांस आटलं, तेवढं तुला वाहिलेलं समज." आणि उपास सोडायला घावन घातले ते आईने, स्वतः चुलीशी बसून.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: उपास उद्याही करता येतो, समेट दारी येईल त्याच दिवशी करावा.