अण्णांच्या नावाचा मेल

"आणि माझा मेल?"

अण्णा सावर्डेकरांनी चष्मा पुसत विचारलं.

यशोधन जरा गोंधळला. औषध कारखान्यात बाहेरून येणारा प्रत्येक मेल अडवून तपासणारा गेटवे त्यानं उभा केला होता. गेल्या वर्षी एका खोट्या मेलनं सगळे संगणक बंद पाडले होते. लोक बिनपगारी घरी बसले होते. आज गेटवे सुरू झाला होता आणि आजच अण्णा निवृत्त होत होते. त्यांनी होकार दिला की संगणक विभागप्रमुखाची त्यांची खुर्ची यशोधनची.

"तुमच्या मेलला तपासणी नाही," तो म्हणाला. "तुमचं नाव दिसलं की सरळ आत."

"का बरं?"

"अण्णा, ज्यानं हात धरून शिकवलं त्याची झडती घेऊ?"

अण्णांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

पडद्यावर अडवलेल्या मेलची रांग लागली. यशोधनची छाती फुगली.

"बघा, मुंगीसुद्धा शिरत नाही."

गुरूपुढे अशी फुशारकी मारू नये. पण एवढं कळलं तर तो तरुण कसला!

तेवढ्यात मेल आला. अण्णांच्या नावाचा. 'निघतो. तुझ्यासाठी चार शब्द सोबत जोडलेत.'

यशोधनचे डोळे भरून आले. त्यानं जोडलेली फाइल उघडली.

पडदा काळा झाला.

"अण्णा, काय पाठवलंत हे?"

अण्णांनी रिकामे हात पुढे केले. "मी कुठं काय पाठवलं?"

"मग..."

यशोधन ताडकन उठला. त्यानं संगणकाची नेटवर्कची वायर हिसकून काढली. सगळं पुन्हा बंद पडणार, आणि या वेळी आपल्या हातून, एवढंच त्याला दिसत होतं.

"लाव ती वायर," अण्णा म्हणाले. "फाइलीत विष नाही, नुसतं काळं चित्र आहे. पुण्याच्या एका मित्राला सांगितलं होतं, माझं नाव घालून पाठव. तुझा गेटवे बघायचा होता."

यशोधननं वायर लावली. तपासणीच्या सवलतीतून अण्णांचं नाव काढून टाकलं. मग वाकून त्यानं अण्णांचे पाय धरले.

"चुकलो, अण्णा. ही खुर्ची माझी नव्हे."

अण्णांनी त्याला उठवलं. मग त्यांनी सर्व्हर रूमची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"पाया माझ्या पड, लेका. माझ्या नावाच्या नको."