सुरंगवेळच्या खाडीतला पाटा

सुरंगवेळच्या खाडीच्या मुखाशी, दोन्ही काठांच्या बरोबर मध्ये, एक काळा सपाट दगड आहे. भरतीला तो पाण्याखाली असतो. ओहोटीला साधारण अडीच तास वर येतो. आकाराने तो थेट वाटण्याच्या पाट्यासारखा, एका बाजूला किंचित उतरता. त्याच्यावर कालवांच्या कवचांचा पांढरा थर चढलेला आहे, इतका पांढरा की लांबून पाहणाऱ्याला वाटावे, कोणी नुकतेच खोबरे वाटून उठले आहे आणि पाटा धुवायचा राहिला आहे. वरवंटा मात्र नाही. गावकरी त्या दगडाला पाटाच म्हणतात. पलीकडच्या काठावर वस्ती नाही. एक माड तेवढा आहे, एकटा.

सुरंगवेळ हे माझ्या भाचीचे सासर. ज्येष्ठात, मृग लागण्याआधी, तिथे वेळाई देवीच्या देवळापुढे गावजेवण असते. त्यासाठी आम्ही नवराबायको सांगोल्याहून गेलो होतो. सकाळी अकरा चाळीसला पाटा पाण्याबाहेर दिसू लागला आणि सव्वाबाराला पंगत बसली. आधी मीठ, मग चटणी, मग भात. ओल्या नारळाची चटणी: हिरवी मिरची, कैरीची फोड, मीठ, बस. आमच्याकडे चटणी म्हणजे शेंगदाण्याची, लाल, कोरडी. ही पांढरीशुभ्र चटणी पाहून मला राहवले नाही. मी बोटावर थोडी घेतली आणि चाखली.

सगळी पंगत एकदम श्वास ओढून गप्प झाली. शेजारच्या बाईने माझे मनगट धरले.

"थांब गो बाय! अजून इचारूक नाय!"

माझ्या पानाकडे दीडशे माणसे पाहत होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरातले लहान मूल विहिरीच्या काठावर दिसल्यावर माणसे जशी पाहतात, तशी ती पाहत होती. तेवढ्यात पंगतीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ उठले. खाडीकडे तोंड करून, हात जोडून ते मोठ्याने म्हणाले, "खयचो नारळ वाटलंस गो बाय?" म्हणजे कुठला नारळ वाटलास. ते थांबले. पुन्हा तेच विचारले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिसऱ्या खेपेक तुम्ही. इचारण्याआधी जो खाता, त्याचो तो मान."

मी उठले. कानशिले तापली होती. खाडीकडे पाहून ते शब्द कसेबसे उच्चारले आणि खाली बसले. कुठूनच उत्तर आले नाही. क्षणभर सगळे तसेच बसून राहिले, मग जेवू लागले. कोणीही पानात चटणीचा कण ठेवला नाही. लहान मुलांनीसुद्धा पाने बोटांनी पुसून घेतली.

ते म्हातारे गृहस्थ म्हणजे गुणाजी तात्या. वय अठ्ठ्याहत्तर, चाळीस वर्षे माडावर चढून नारळ पाडण्याचे काम केलेले. जेवणानंतर ते आम्हाला खाडीच्या बांधावर घेऊन गेले. पाटा समोर उघडा होता. "बसा," ते म्हणाले, "पाणी चढेपर्यंत सांगून होतला." त्यांनी जे सांगितले ते मी इथे लिहिते. बोलणी त्यांच्या तोंडची तशीच ठेवली आहेत, बाकीचे माझ्या भाषेत.

फार पूर्वी, किती पूर्वी ते कोणाला ठाऊक नाही, सुरंगवेळ माडांनी इतकी दाटलेली होती म्हणे, की दुपारीही अंगणात ऊन पडत नसे. आमटीत खोबरे, उसळीत खोबरे, माशाच्या कालवणात खोबऱ्याचे वाटण, आंबोळीबरोबर चटणी, सणाला खोबऱ्याच्या सारणाचे मोदक. दिव्यात आणि केसांत त्याचेच तेल, होडीला त्याच्याच काथ्याचा दोर, डोक्यावर त्याच्याच झावळ्यांचे छप्पर. बाळाच्या बारशाला नारळ आणि माणूस गेला तरी नारळ.

एका वैशाखात वादळ आले. एक दिवस आणि अर्धी रात्र. सकाळी लोक बाहेर आले तेव्हा डोक्यावर नुसते आभाळ होते. असे उघडे आभाळ त्या गावाने कधी पाहिलेच नव्हते. म्हणे, बायका दारातच खाली बसल्या. एकही माड उभा राहिला नव्हता.

पडलेल्या माडांखालून गावाने पिकलेले, बियाण्याजोगे नारळ वेचले. ते साठ भरले. गावाचे मानकरी दाजी गावकर यांनी ते देवळाच्या सावलीत वाळूत ओळीने मांडले आणि देवीसमोर सगळ्यांकडून शपथ घेतली, की मृगाला हे पेरायचे आणि नव्या माडाला फळ धरेपर्यंत या गावात कोणी नारळ खायचा नाही. या साठांतला एकही जो फोडील त्याला गाव नाही.

नारळांवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचे काम दाजींनी आपल्या सुनेला दिले. तिचे नाव भागिर्ती. ती नारळ पाडणाऱ्याची लेक. बापाने तिला लहानपणीच शिकवले होते, की नारळ कानाशी धरून हलवायचा. आत पाणी डुचमळले तर तो बोलतो, त्याला कोंब येतो. आवाज आला नाही तर तो मुका. पाणी आटलेला मुका नारळ पेरला तर जमिनीत नुसता कुजतो.

भागिर्ती रोज एकेक नारळ कानाशी धरी. पंधरवड्याने एक मुका झाला. मग आणखी दोन. मृग जवळ आला तेव्हा नऊ नारळ गप्प झाले होते. तिने सासूला सांगितले.

"आये, सगळे नारळ बोलनत नाय. नऊ मुके झाले."

सासू आवाबाई भाताचे तूस पाखडत होती. ती हसली. "नारळाक तोंड कधीपासून इला गो? उद्या माझो पाटो गाणी म्हणतलो!" शेजारणीही हसल्या. भागिर्ती नारळांवर पाणी शिंपडायला निघून गेली.

पेरणीच्या आदल्या दिवशी देवळापुढे गावजेवण होते. भात आणि कुळथाची पिठी, खोबऱ्याशिवाय. दीड महिना गाव असेच जेवत होते. म्हातारी माणसे दोन घासांत उठत, बाळंतिणींना अन्न गोड लागेना. नऊ मुक्या नारळांतले खोबरे अजून खवट झालेले नव्हते. आणखी आठवड्याने झाले असते. भागिर्तीने ते नऊ फोडले, देवळातल्या पाट्यावर मिरची, कैरी आणि मीठ घालून वाटले. मुक्या नारळाला स्वतःचे पाणी नसते, म्हणून ती ओंजळीतून थेंब थेंब पाणी सोडत वाटत राहिली. तिच्या मनात होते की पानात पांढरे दिसल्यावर कोणी तरी विचारणारच, कुठला नारळ? मग सगळ्यांसमोर सांगायचे.

तिथेच ती चुकली, असे तात्या म्हणाले.

पाने मांडली, मीठ वाढले, चटणी वाढली. खोबऱ्याचा वास पंगतीवरून फिरला. काय झाले ते कोणाला उमगण्याआधीच माणसांचे हात पानात गेले होते. भात यायच्या आधी, नुसती चटणी बोटांनी उचलून माणसे खात होती. मग एकाच्या लक्षात आले. त्याचा हात तोंडाशीच थांबला. शेजाऱ्याने त्याच्याकडे पाहिले. एकेक करून सगळी पंगत गोठली. घास तोंडात, ना गिळवत ना थुंकवत. आपण आपले बी खाल्ले! एक बाई किंचाळली म्हणतात.

दाजी उठले, देवळामागे जाऊन आले.

"साठ होते. एकावन रवले. नऊ कोणी फोडल्यान?"

"मी," भागिर्ती म्हणाली. "पण ते नारळ..."

"पुरे."

कोणी म्हणाले, हिला वेड लागले. कोणी म्हणाले, वादळही हिच्याच पायाने आले. तिचा नवरा पंगतीतच होता. तो पानाकडे पाहत बसून राहिला. आवाबाईने पदर तोंडात धरला होता. शंभर तोंडे बोलली आणि एकानेही विचारले नाही की कुठले नऊ.

"आणि एक सांगतंय," इथे तात्या थांबले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सगळी ओरडत होती. पण उठली तेव्हा एकाच्याव पानात चटणी रवली नव्हती."

माझ्या नवऱ्याने पायातली वाळू झटकल्यासारखे केले आणि तो दुसरीकडे पाहू लागला.

दाजींनी सांगितले, बाटलेला पाटा घेऊन खाडीपलीकडे जा. ओहोटी होती. भागिर्तीने पाटा डोक्यावर घेतला, वरवंटा काखेत, आणि ती चिखलातून चालू लागली. गाव काठावर उभे होते. ती मध्यावर पोचेपर्यंत भरती सुरू झाली. पाणी कमरेला आले तेव्हा तिने पाटा खाली ठेवला. मग पाऊस आला आणि दिसेनासे झाले. ती बुडाली असे सगळ्यांनी धरले आणि कोणी त्याबद्दल बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी एकावन्न नारळ पेरले. कार्तिकात दाजी पाहायला गेले तर एकावन्नच्या एकावन्न नारळांना कोंब आलेला. तात्या म्हणाले, "शंभर पेरले तर पंधरा-वीस जातत. माझ्या चाळीस वर्सात सगळेच्या सगळे इलेले मी कधी बघूक नाय." दाजी आनंदाने ओरडतच घरी आले. आवाबाई चुलीपुढे होती. तिने ऐकले आणि तिच्या हातातली चिरायला घेतलेली काकडी गळून पडली.

"माका सांगल्यान होता," ती म्हणाली. "नऊ मुके झाले म्हणान. मी हसलंय."

दाजी तसेच खाडीच्या काठावर गेले म्हणे. त्याच संध्याकाळी त्यांना पलीकडच्या काठावर धूर दिसला. धूर पावसाळ्यापासून रोजच दिसत होता. गाव त्याला कोण्या मासेमाराची चूल समजत होते. भागिर्ती जिवंत होती. पाच महिने ती गावासमोर राहत होती आणि कोणी पाहिले नव्हते.

तिला आणायला माणसे गेली. नवरा गेला, आवाबाई गेली. तिने कोणाला हाकलले नाही आणि कोणाशी ती बोललीही नाही. आठव्या वर्षी नव्या माडाला पहिले फळ आले. दाजी आता काठीवर चालत. ओहोटीला ते स्वतः तो नारळ घेऊन पलीकडे गेले. तिच्या खोपटाच्या दारात तो वरवंटा ठेवलेला होता. भागिर्तीने नारळ घेतला, कानाशी धरून हलवला.

"बोलता," ती म्हणाली.

दाजींनी डोक्यावरचे मुंडासे काढले आणि विचारले, "खयचो नारळ वाटललंस गो बाय?"

तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, असे सांगतात. मग ती नारळ घेऊन आत गेली. तो तिने फोडला नाही, खाल्ला नाही, पेरला. ती मरेपर्यंत तिथेच राहिली. पलीकडचा तो माड त्याच नारळाच्या वंशातला.

तात्यांचे बोलून झाले तेव्हा पाटा अर्धा बुडाला होता. मी विचारले, "तात्या, उत्तर येत नाही, तरी दर वर्षी विचारता?"

"तिना दिला नाय," ते म्हणाले. "ता तिच्याकडे. इचारणा आमच्याकडे."

मी उठून बांधाच्या टोकापर्यंत गेले. पंगतीत मी ते शब्द लाजेने, पाठ केल्यासारखे म्हटले होते. आता पाण्यापुढे उभे राहून पुन्हा म्हटले, हळू. जिभेवर अजून कैरीची आंबट चव होती. मग दोन वाजून दहा मिनिटांनी पाट्याचा शेवटचा पांढरा तुकडा पाण्याखाली गेला.

आजही सुरंगवेळला नारळ फोडण्याआधी घरातली बाई तो कानाशी धरते. मुका निघाला तर तोच चटणीला घेतात, बोलणारा बियाण्याला ठेवतात. आजही ज्येष्ठातल्या त्या पंगतीत चटणी वाढली की हात मांडीवर राहतात, खाडीकडे तोंड करून तीनदा विचारले जाते, आणि तिसऱ्या वेळेनंतर गाव क्षणभर थांबते, न जाणो या वर्षी ती सांगेल.